मिरजेला गेलेली कॅसेट

डॉक्टर पद्माकर वर्तकच्या पोटात दुखायला लागलं ते १९८६ च्या सप्टेंबरात. नॉटिंगहॅममधल्या अर्ध्या वस्तीची पोटं दाबून बघितलेला माणूस, पण स्वतःच्या ह्या दुखण्याचं नाव घ्यायला काही तयार नव्हता. नाव साधं आहे, आपण घेऊ. मत्सर. आपली बायको दुसऱ्या एका माणसाचं बोलणं कान देऊन ऐकते, ह्याचा मत्सर.

आता तो दुसरा माणूस म्हणावा, तर पासष्टीचा विधुर. तोंडात कवळी, छातीत कायमची घरघर. लेन हॅलम त्याचं नाव. वर्तकांच्याच रस्त्याच्या टोकाला एका बुटक्या बंगलीत राहायचा आणि औषधाला पद्माकरच्याच सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात, यायचा. महायुद्धात तो लँकेस्टर बॉम्बरवर फ्लाइट इंजिनिअर होता. पण ही गोष्ट त्यानं डॉक्टरला कधी सांगितली नव्हती, कारण डॉक्टरनं कधी विचारली नव्हती.

विचारली ती डॉक्टरच्या बायकोनं, वीणानं. मुलगी रश्मी युनिव्हर्सिटीत राहायला गेली, घर खायला उठलं, तेवढ्यात लायब्ररीत नोटीस लागली की भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी टेप करायच्या आहेत, व्हॉलंटिअर हवेत. वीणानं नाव दिलं. लायब्ररीनं तिला एक टेपरेकॉर्डर दिला आणि खोकाभर कोऱ्या कॅसेटी दिल्या. पहिल्या आठवड्यात ती लेसच्या कारखान्यात काम केलेल्या एका आजीबाईंकडे गेली. दुसऱ्या आठवड्यात लेनकडे. तिसऱ्या घराचा नंबर काही लागला नाही, कारण लेनचंच संपेना.

"अहो, तुम्हाला माहितीये, त्या विमानात सात माणसं असायची," वीणा जेवताना सांगायची.

"असतील."

"पायलट इथे." तिनं मिठाची बाटली ठेवली. "आणि त्याच्या उजव्या हाताला लेन. धड खुर्चीसुद्धा नाही हो त्याला, दुमडायची फळी नुसती. चार इंजिनं आणि सहा पेट्रोलच्या टाक्या, सगळं ह्यानं सांभाळायचं. दर वीस मिनिटांनी लॉग लिहायचा. टेंपरेचर किती, ऑइलचं प्रेशर किती, कुठल्या टाकीत किती पेट्रोल उरलंय. खालून तोफा उडत असल्या तरी लिहायचं! आणि एका बाजूच्या टाक्या जास्त रिकाम्या झाल्या की विमान कलायला लागतं, म्हणून इकडची बंद कर, तिकडची उघड. डोळे मिटून सांगायचा म्हणे, कुठल्या इंजिनाचा आवाज बदललाय ते."

पद्माकर आमटी ओरपत होता. वीणानं पुढे होऊन, डाव धरलेल्या त्याच्या हातामागे आपला तळवा टेकवला.

"टेकऑफला पायलट थ्रॉटल, म्हणजे इंजिनांचे दांडे, असे पुढे ढकलतो ना, तेव्हा लेनचा हात त्याच्या हातामागे असा. गचका बसून पायलटचा हात मागे आला तर सगळे खलास. म्हणून मागून धरून ठेवायचं."

जेवणाच्या टेबलावर बायकोनं हात धरल्याला कैक वर्षं झाली होती. आता धरला, तो दुसऱ्याची नोकरी समजावून सांगायला. पद्माकरनं डाव खाली ठेवला.

"भात वाढ," तो म्हणाला.

त्याचंही अगदीच चुकत होतं असं नाही. बासष्ट साली तो मुंबईहून आला तो सर्जन व्हायला. आठ वर्षं हॉस्पिटलांतून वणवण केली, ज्यांना टाक्यांच्या गाठी मारायला शिकवलं ती गोरी पोरं पुढे निघून गेली, आणि हा शेवटी जनरल प्रॅक्टिसमध्ये येऊन टेकला. तिथे सगळे त्याला डॉक्टर पॅडी म्हणायचे. त्या आठ वर्षांबद्दल बायकोनं एकदा तरी समोर बसून विचारावं, अशी त्याची फार इच्छा होती. वीणा विचारायची ते "जेवलात का?" आणि "लाइट बंद केलात का?" आता त्यानं तरी तिला कधी काय विचारलं होतं, हा प्रश्न त्याच्या मनात आला नाही. मत्सरी माणसाच्या हिशेबात फक्त येणं असतं.

दिवाळीला मराठी मंडळाच्या फराळात वीणा चार बायकांना घेऊन बसली आणि लेनचं पुराण सुरू केलं. इंजिनाला आग लागली ती कशी विझवली, तीन इंजिनांवर घरी कसे आले, रेशनच्या त्या दिवसांत उतरल्यावर मिळालेलं अंडं न खाता लेन नुसता बघत कसा बसला. चकल्यांचं ताट फिरवत श्रीनिवास कुलकर्णी म्हणाला, "डॉक्टर, जरा लक्ष ठेवा हं. वहिनी पॅराशूट बांधून उडी मारायच्या बेतात दिसतात!" सगळे हसले. पद्माकर सगळ्यांत मोठ्यानं हसला. 

दुसऱ्या दिवसापासून तो चोरून टेप ऐकायला लागला.

वीणा त्या कॅसेटी लगेच लायब्ररीत देत नसे. वहीत उतरवून घ्यायच्या म्हणून दिवाणखान्यातल्या ड्रॉवरमध्ये ठेवायची. पद्माकर सकाळी एक उचलायचा, होम व्हिजिटला जाताना गाडीत लावायचा आणि संध्याकाळी जागच्या जागी ठेवायचा. लेनच्या बोलण्यात त्याला काडीचा रस नव्हता. तो ऐकायचा ते वीणाला. पोरसवदा फिटर असताना लेननं विमानात बसायची हौस म्हणून नाव कसं दिलं, सहा आठवड्यांत त्याच्या हाताखाली चार इंजिनं कशी आली, हे तो सांगत असायचा आणि मध्येच वीणाचा आवाज यायचा, "अँड देन, लेन?" त्या तीन शब्दांत एवढी उत्सुकता असायची की पद्माकरच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ती हसायचीसुद्धा. मोकळी, भरभरून. हे हसणं घरात कुठे ठेवते ही बाई?

आणि तो लेन तिला नावानं हाक मारायचा. नॉटिंगहॅममध्ये जो तो ज्याला त्याला लाडानं 'डक' म्हणतो, त्यानं तसं म्हटलं असतं तर पद्माकरनं कानाआड केलं असतं. पण तो 'वीणा' म्हणायचा. तेही स्वच्छ ण काढून. तिनं बसून शिकवला असणार. पंचवीस वर्षांत ज्या देशाला 'पद्माकर' म्हणता आलं नाही, त्या देशातला एक कवळीवाला म्हातारा ण म्हणतो!

चौथ्या टेपवर मात्र कहर झाला. लेननं तिला विचारलं, तू कशी आलीस इकडे? आणि वीणानं सांगितलं. त्रेसष्ट साली मुंबईहून निघाले ती रोमपर्यंत रडत आले, म्हणाली. हीथ्रोला उतरले तर घ्यायला आलेला नवरा घड्याळ बघत होता. त्याला ड्यूटीवर परत जायचं होतं. मी ठरवलं, ह्याच्यासमोर रडायचं नाही. नाही रडले अजून.

पद्माकरनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. घड्याळ बघितलेलं त्याला आठवत होतं. ती रडत आली होती हे त्याला आज कळत होतं, आणि तेही कोणामार्फत? लाज वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण ज्याला तिनं ते सांगितलं त्याचा राग लाजेहून मोठा होता.

नोव्हेंबरात बेसिंगस्टोकहून वीणाला एक पत्र आलं. लायब्ररीच्या बातमीपत्रात लेनबद्दल दोन ओळी छापून आल्या होत्या, त्या कुणीतरी कापून तिकडे पाठवल्या होत्या. पत्र जॉयस नावाच्या बाईंचं होतं. त्यांचा मोठा भाऊ आर्थर लेनच्याच तळावर फ्लाइट इंजिनिअर होता. चव्वेचाळीसच्या मार्चमध्ये एका संध्याकाळी लेन आजारी म्हणून त्याच्या जागी आर्थरला बसवलं. ते विमान परत आलं नाही. आर्थर वीस वर्षांचा होता. आमच्या घरी नुसती तार आली, बाईंनी लिहिलं होतं. जाण्यापूर्वी तो मिस्टर हॅलमना भेटला असेल. काही बोलला असेल. मी आता एकसष्ट वर्षांची आहे आणि मला ते कळायला हवं आहे.

"लेननं मला कधीच सांगितलं नव्हतं हे," वीणा पत्राची घडी घालत म्हणाली. "एवढंच म्हणायचा की कानाला दडे बसले म्हणून बॉम्बफेकीची एक ट्रिप चुकली. पत्र वाचून दाखवलं तर उठून किचनमध्ये गेला, आलाच नाही बाहेर. मी पुश करायला नको होतं का हो?"

"मला काय विचारतेस?" पद्माकर म्हणाला. "तुझा पेशंट आहे तो."

पुढे दोन आठवडे लेननं तिला बोलावलं नाही. फक्त टेपरेकॉर्डर राहू दे म्हणाला माझ्याकडे. पद्माकरला ते दोन आठवडे बरे गेले.

तिसऱ्या आठवड्यात लेन सर्जरीत आला. छाती तपासून झाल्यावर त्यानं कोटाच्या खिशातून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"वीणासाठी आहे, डॉक्टर. तिच्याच हातात द्या. ती समोर बसली की मला बोलता येत नाही."

पाकिटात कॅसेट होती. पद्माकरनं ती दुपारी गाडीत लावली. आता एखादा म्हणेल, दोन आठवड्यांपूर्वीच तर बेसिंगस्टोकचं पत्र आलं होतं, एवढं साधं ह्याच्या डोक्यात कसं आलं नाही? आलं नाही. त्याच्या डोक्यात तीन महिने एकच गोष्ट शिजत होती.

"वीणा," लेन म्हणत होता. श्वास लागलेला, आवाज घोगरा. "कित्येक दिवस तुला हे सांगायचंय. तुझ्या तोंडाकडे बघून जमत नाही. डोरीनला मी हे कधी सांगितलं नाही, आणि अडतीस वर्षं आम्ही संसार केला. तुला का सांगावंसं वाटतं, कोण जाणे. तू ऐकतेस म्हणून असेल. ऐकून झाल्यावर तुला माझं तोंड बघावंसं वाटलं नाही तर..."

पद्माकरनं बटण दाबून ते बंद केलं. पुढे ऐकायची गरज काय? मृत बायकोला जे सांगितलं नाही ते दुसऱ्याच्या जिवंत बायकोला सांगायला निघालाय!  कॅसेट फेकून द्यावी असं त्याला वाटलं, पण तो सभ्य माणूस होता आणि सभ्य माणसं दुसऱ्याची वस्तू फेकत नाहीत. ती अशी सोय करतात की वस्तू राहावी आणि तिच्यात काही राहू नये.

सोय घरातच होती. पद्माकरची थोरली बहीण मिरजेला असायची, आशाआक्का. तिचे डोळे अधू झाल्यापासून भावाबहिणीचा पत्रव्यवहार कॅसेटीवर चाले. महिन्याच्या पहिल्या रविवारी पद्माकर एक बाजू बोलून पाठवायचा. आक्का ती ऐकायची, आणि नवी कॅसेट कशाला म्हणून त्याच्या बोलण्यावरच आपलं बोलणं भरून परत पाठवायची. मग तो तिच्या बोलण्यावर पुन्हा बोलायचा. अशा तीनचार कॅसेटी वर्षानुवर्षं नॉटिंगहॅम-मिरज येरझारा घालत होत्या. त्याही त्याच ड्रॉवरमध्ये असायच्या. चुकून एखादी इकडची तिकडे झाली, तर कोण काय म्हणणार?

फक्त एक अडचण होती. लेन इंजिनिअर होता. बोललेलं पुसलं जाऊ नये म्हणून कॅसेटच्या कडेला जो प्लास्टिकचा इवलासा दात असतो, तो त्यानं त्या बाजूचा मोडून टाकला होता. दात मोडला की रेकॉर्डचं बटण खाली जात नाही. पद्माकरनं बॅग उघडली, इंजेक्शननंतर लावायच्या पांढऱ्या पट्टीचा तुकडा कापला आणि त्या भोकावर नीट चिकटवला. गाठी मारलेला हात होता, काम सफाईनं झालं. वीणा दुकानात गेली होती. त्यानं कॅसेट सुरुवातीला आणली, बटण दाबलं आणि म्हणाला, "आक्का, साष्टांग नमस्कार. आमच्याकडे थंडी पडली आहे."

वीस मिनिटं बोलला. बाजू संपायला अजून थोडी टेप शिल्लक होती, पण त्याला त्याची फिकीर नव्हती. आक्का बोलायला बसली की तिला तीस मिनिटंही पुरत नसत. सोमवारी त्यानं पाकीट मिरजेला टाकलं.

डिसेंबरात वीणा बेसनाचे लाडू घेऊन लेनकडे दोनदा जाऊन आली. दोन्ही वेळा दार उघडलं नाही. दुसऱ्या वेळी आतून आवाज आला, आज नको. ती डबा तसाच घेऊन परत आली.

"माझ्यामुळे झालं," ती म्हणाली. "ते पत्र मी दाखवायला नको होतं. किती दुखवलं मी त्याला."

"म्हातारी माणसं असतात विक्षिप्त," पद्माकर म्हणाला आणि स्वतःच दोन लाडू खाल्ले. रश्मी ख्रिसमसला आली होती, ती आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "बाबा, आई एकदम सॅड दिसतो. तू तिला काय बोलला का?" पद्माकर नाही म्हणाला, आणि ते खरंही होतं.

जानेवारीत लेननं अंथरूण धरलं. शेजारणीनं सर्जरीत फोन केला म्हणून पद्माकर सकाळी व्हिजिटला गेला. छातीत पाणी वाजत होतं. त्यानं अँब्युलन्स मागवली, इंजेक्शन दिलं, उशा चढवल्या. डॉक्टर म्हणून त्यानं कशातच कसूर केली नाही. लेननं त्याची बाही धरली.

"दिलीत ना तिला ती टेप?"

"दिली."

"ऐकली तिनं?"

इथे खरं सांगता आलं असतं. त्याच रस्त्यावर वीणा घरात होती, फोन केला असता तर पाच मिनिटांत येऊन बसली असती. पण तेच पद्माकरला नको होतं. ह्या क्षणीसुद्धा नको होतं.

"ऐकली," तो म्हणाला.

"काही म्हणाली?"

पद्माकरनं स्टेथोस्कोप गुंडाळून बॅगेत ठेवला. "नाही. काही म्हणाली नाही."

लेननं खिडकीकडे तोंड फिरवलं. मग त्यानं बाही सोडली. "बरोबर आहे तिचं," म्हणाला. चार दिवसांनी हॉस्पिटलमध्येच तो वारला.

फ्युनरलला वीणा हमसून हमसून रडली. आणि पद्माकरच्या मनात काय यावं? माझ्या आईच्या वेळेला डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं! माणूस पेटीत पडला होता तरी ह्याचा मत्सर काही झोपला नाही. जॉयसबाईंनी पत्रातून विचारलं की मिस्टर हॅलमनी माझ्यासाठी काही सांगून ठेवलं आहे का. वीणानं चार कागद फाडले आणि पाचव्यावर लिहिलं, नाही, मला माफ करा.

आक्काचं पाकीट आलं ते फेब्रुवारीत. रविवारी जेवण झाल्यावर टेबलावर रेकॉर्डर ठेवायचा, चहा घ्यायचा आणि दोघांनी मिळून आक्काचं बोलणं ऐकायचं, ही घरातली कित्येक वर्षांची पद्धत. कॅसेट वीणानंच घातली. पद्माकर चहात बिस्कीट बुडवत निवांत बसला होता. आक्काच्या सवयीवर त्याची सगळी भिस्त होती.

"पद्मा, वीणा, दोघांना अनेक आशीर्वाद," आक्का बोलायला लागली. "ह्या खेपेला कॅसेट उलटी करून बोलतेय बरं का मी. झालं काय, तुझं बोलणं संपलं आणि मागनं कोणी साहेब बोलायला लागला. मला मेलीला इंग्लिश कुठलं कळायला? पण म्हातारा माणूस होता आणि रडत होता, एवढं कळलं. शेजारच्या नंदूला बोलावणार होते अर्थ सांगायला, मग म्हटलं नको, कुणाचं खासगी असेल. सारखा वीणा वीणा म्हणत होता गं. आता माणूस रडतोय त्याच्यावर मी माझी लोणच्या-पापडाची बडबड कशी भरू? जीव धजेना. म्हणून ती बाजू तशीच ठेवलीय. बरं, इकडे सगळं ठीक..."

वीणानं मशीन बंद केलं. कॅसेट बाहेर काढली.

"चुकून झालं असेल," पद्माकर घाईनं म्हणाला. "एकाच ड्रॉवरमध्ये असतात सगळ्या, मिक्स-अप झाला असेल."

वीणा कॅसेटची कड बघत होती. पांढऱ्या पट्टीवरून तिनं नख फिरवलं, पट्टीचं टोक सुटलं, खालचं भोक दिसलं.

"हा दात मोडायला लेनला मीच शिकवलं होतं," ती म्हणाली. "कुणी पुसू नये म्हणून."



तिनं कॅसेट उलटी घातली. टेप सुरुवातीला आणली, पुढे पळवली नाही. पद्माकरला स्वतःची वीस मिनिटं पहिल्यापासून ऐकावी लागली. थंडी, नवं कार्पेट, रश्मीच्या परीक्षा, वीणा मजेत आहे, तिचं लायब्ररीचं काम चालू आहे. मग खट्कन आवाज झाला आणि लेन एका वाक्याच्या मधूनच बोलायला लागला.

"...आणि हेच तो म्हणाला, शब्दाला शब्द. बेचाळीस वर्षं मी ते कोणाला दिलं नाही. ते जॉयसचं आहे, वीणा, तिला पाठव. माझ्या कानांना काही झालं नव्हतं, हे आता तुला कळलं. तिलाही कळू दे. मी घाबरलो होतो. नंतरच्या बारा ट्रिपा मी लोकांच्या विमानांत बदली म्हणून केल्या. बदलीच्या माणसाशी कोणी बोलत नाही, तो अपशकुनी समजतात. मला तेच बरं वाटायचं." इथे तो बराच वेळ खोकला, आणि मग खोकला नव्हता, रडणं होतं. "वीणा, ह्यावर तू काहीच बोलली नाहीस तर मी समजेन. तोंडावर सांगायची पाळी तुझ्यावर येऊ नये म्हणून दारही उघडणार नाही. जॉयसला तेवढं पाठव. थँक्यू, वीणा. ऐकलंस त्याबद्दल."

टेप संपली.

"काय म्हणाला होता तो मुलगा, आर्थर?" वीणानं विचारलं.

"मला माहीत नाही."

"किती ऐकलंत तुम्ही?"

"सुरुवातीचं. एक मिनिट."

तिला रडू येईल, ती ओरडेल, कपबशी फेकेल, पद्माकर सगळ्याची तयारी करून बसला होता. तिनं त्यातलं काही केलं नाही. ड्रॉवरमधून एक कोरी कॅसेट आणली, लेनच्या घरून परत आलेल्या लायब्ररीच्या रेकॉर्डरमध्ये घातली, रेकॉर्डर त्याच्यासमोर सरकवला आणि स्वतः समोरच्या खुर्चीत बसली. कोपरं टेबलावर, हनुवटी तळहातांवर.

"जॉयसबाईंना पाठवायचीय," ती म्हणाली. "तुमच्या तोंडून सांगा. इंग्लिशमध्ये सांगा, त्यांना समजायला हवं. मी ऐकते."

लाल दिवा लागला. पद्माकर बोलायला लागला. सर्जरी, पाकीट, गाडी, पट्टी. सुरुवातीला अडखळला, मग शब्द येत गेले. वीणाचे डोळे त्याच्या तोंडावरून हलत नव्हते. मध्ये तो थांबला की ती हळूच विचारायची, आणि त्यानंतर? त्याला मत्सर का वाटला तेही त्यानं सांगितलं. ती आठ वर्षं सांगितली. हीथ्रोचं घड्याळ सांगितलं. इतकं लक्ष देऊन ह्या बाईनं आपलं कधी ऐकलं नव्हतं, असं त्याच्या मनात येऊन गेलं, आणि अशा वेळीही त्याला ते बरं वाटलं.

मिरजेला पाकीट टाकल्यापर्यंत येऊन तो गप्प झाला. पुढचं फक्त त्याला ठाऊक होतं. ज्याला ठाऊक होतं तो दुसरा माणूस गेला होता.

"लेननं कधी विचारलं तुम्हाला?" वीणा म्हणाली. "टेप पोचली का म्हणून?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण नाही म्हटलं की हे संपलं. ती बटण बंद करेल, उठेल, आणि पुन्हा कधी समोर अशी बसणार नाही.

"विचारलं," पद्माकर म्हणाला. "अँब्युलन्स यायच्या आधी. तू ऐकलीस का, आणि काय म्हणालीस, असं विचारलं."

"मग काय सांगितलंत?"

"ऐकलीस म्हणून सांगितलं. आणि काही म्हणाली नाहीस, असं सांगितलं."

वीणा उठली. तिनं खुंटीवरचा कोट काढला, अंगात घातला, एकेक बटण लावलं आणि दार उघडून बाहेर गेली. रेकॉर्डर बंद करायला ती थांबली नाही. पद्माकरनं बसल्या जागेवरून हाक मारली, "वीणा!" जॉयसबाईंच्या टेपवर तीही भरली गेली.